दार कमरेशी थांबतं का?

वर्षातले दोन दिवस मी गॅरेजच्या दारासाठी राखून ठेवते. एक पाडव्याच्या आधीचा रविवार आणि दुसरी खंडेनवमी. आम्ही ॲरिझोनात राहतो, फीनिक्सच्या आग्नेयेला, चँडलरमध्ये. इथला उन्हाळा बरोबर या दोन सणांच्या मध्ये येतो. पाडव्याला पहाटे अजून अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं, आणि खंडेनवमीपर्यंत पारा दमून खाली यायला लागलेला असतो. म्हणजे एक फेरी उन्हाळ्याच्या तयारीची आणि एक उन्हाळ्यानं काय काय खाल्लं ते बघायची.

मी मूळची नागपूरची. इतवारीत बाबांचं कापडाचं दुकान होतं. नवतपा, कूलर, वाळ्याच्या ताट्या, दुपारी बारा ते चार ओस पडलेले रस्ते, यातच मी वाढले. ऊन मला नवं नाही. तरी इथलं ऊन निराळं. नागपुरात जूनमध्ये पाऊस येतो आणि सुटका होते. इथं जूनमध्ये खरी सुरुवात होते. २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस फीनिक्सचं कमाल तापमान ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर होतं. ११० म्हणजे ४३ सेल्सियसच्या वर. पुढच्या वर्षी १०० फॅरनहाइटचे किंवा त्याच्या वरचे दिवस सलग ११३ झाले. माणूस आत एसीत बसतो, दाराला आत जायची सोय नाही.

आमचं दार सोळा फूट रुंद, सात फूट उंच, पोलादी पत्र्याचं, बिजागऱ्यांनी जोडलेल्या आडव्या फळ्यांचं, रोलर म्हणजे चाकांवर रुळांतून वर-खाली जाणारं. तोंड वायव्येला. उन्हाळ्यात दुपार कलली की मावळेपर्यंत ऊन थेट त्याच्यावर. डोशाचा तवा किती तापला ते बघायला मी एक इन्फ्रारेड थर्मामीटर आणला होता. एकदा जुलैत संध्याकाळी साडेपाचला तो दारावर धरला. बाहेरच्या पत्र्यावर ६८ सेल्सियस, आतल्या बाजूला ५१. आकडा बघून मी लेकीला हाक मारली आणि दाराला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

त्या दोन आकड्यांत दाराचं बरंचसं दुखणं आहे. पोलाद तापलं की फुगतं. सोळा फुटांच्या पत्र्याला चाळीस अंशांचा फरक पडला तर तो सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. तेवढ्यानं बिघडत नाही. पण बाहेरचा पत्रा जास्त वाढतो, आतला कमी, आणि दोघं मधल्या फोमला चिकटलेले. मग फळी बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखी वाकते. रात्री थंड झाली की सरळ होते. आम्हाला आधी हे माहीत नव्हतं. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास दार खाली येताना मध्येच अडखळायचं आणि परत वर जायचं, सकाळी मात्र अगदी शहाण्यासारखं चालायचं. वाकलेली फळी बाजूच्या पट्टीला घासत होती आणि मोटरला वाटत होतं की खाली काहीतरी अडकलंय. पट्टी दोन-तीन मिलिमीटर बाहेर सरकवली आणि ते थांबलं. पुढच्या वर्षी सोसायटीची परवानगी काढून गडद चॉकलेटी रंग बदलून फिका वाळूसारखा दिला. इथं घराचा रंगसुद्धा सोसायटीनं ठरवून दिलेल्या यादीतूनच निवडावा लागतो. अर्ज केला, महिनाभरानं मंजुरी आली. रंग बदलल्यावर त्याच वेळेला, तशाच उन्हात बाहेरचा आकडा ५७ आला.

*

घर घेतलं २०१७ साली. त्यानंतरच्या पहिल्याच पाडव्याला मी दाराची सेवा केली ती नागपुरी पद्धतीनं. बाबा दर दसऱ्याच्या आधी स्टुलावर चढून दुकानाच्या शटरच्या दोन्ही बाजूच्या खाचांत बोटानं ग्रीस भरायचे. वरून खालपर्यंत, एक वीत जागा सोडायचे नाहीत. मी तेच केलं. दाराच्या दोन्ही बाजूच्या रुळांत ग्रीस लावलं, खालपासून वळणापर्यंत. दार इतकं गुळगुळीत चालायला लागलं की मला बाबांची आठवण झाली आणि मी त्यांना फोटो पाठवला.

जुलैत धुळीचं वादळ आलं. इथं त्याला हबूब म्हणतात. क्षितिजावर एक तपकिरी भिंत उभी राहते, शेकडो फूट उंच, आणि बघता बघता सगळा गाव तिच्या पोटात जातो. वादळ गेल्यावर अंगणात, खिडक्यांच्या फटीत, एसीच्या जाळीत, सगळीकडे पिठासारखी धूळ. रुळांत ती ग्रीसमध्ये कालवली गेली. ऑगस्टच्या उन्हानं तिचा लेप सुकवला. दार वर जाताना खरवडल्यासारखा आवाज यायला लागला आणि एक रोलर फिरायचाच थांबला, नुसता फरफटत जायचा. मी बाबांना फोन केला. त्यांनी दार कसं आहे ते नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, “अगं, शटरची पट्टी खाचेत घासत जाते, म्हणून तिला ग्रीस लागतं. तुझं दार चाकांवर आहे. चाक फिरायला हवं, घसरायला नको. चाकाच्या आत तेल घाल, रस्त्यावर कशाला?”

इतकं सरळ होतं. तो लेप काढायला मला दोन रविवार लागले. घासलेट इथं सहज मिळत नाही, म्हणून पेंट पातळ करायचा द्राव आणला, जुने टूथब्रश आणि फाटक्या बनियनचे तुकडे. तेव्हापासून रूळ कोरडे. मी ते फक्त कोरड्या ब्रशनं झाडते आणि कापडानं पुसते. वंगण लागतं ते बिजागऱ्यांच्या कडीला, दांड्याच्या टोकाच्या बेअरिंगला, वरच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांना, आणि रोलर लोखंडी असतील तर त्यांच्या आतल्या छऱ्यांना. आमचे आता नायलॉनचे आहेत, बेअरिंग बंद असलेले, त्यांना काहीच लागत नाही. वंगणही धुळीच्या गावात पातळ सिलिकॉनच्या फवाऱ्याचं बरं, लावलं की जादाचं लगेच पुसून घ्यायचं. पुष्कळांच्या घरी डब्ल्यूडी-४० ची निळी-पिवळी बाटली असते आणि दार कुरकुरलं की तीच मारतात. तो साधा फवारा गंज सोडवायला आणि जुनी घाण काढायला चांगला. वंगण म्हणून तो टिकत नाही, आणि इथल्या उन्हात तर काही दिवसांत सगळं पुन्हा कोरडं.

*

आता २०२३ चा जुलै. शाळा सुरू होऊन तीनच दिवस झाले होते. इथं उन्हाळ्याची सुट्टी मेच्या शेवटी लागते आणि जुलै संपायच्या आत मुलं पुन्हा वर्गात. सकाळी सहा वाजून गेले होते, मी स्वयंपाकघरात डबा भरत होते आणि गॅरेजमधून धाडकन आवाज आला. आम्हाला वाटलं मांडणीवरून काहीतरी पडलं. गॅरेजमध्ये सगळं जागच्या जागी. नवऱ्यानं बटण दाबलं. मोटर घरघरली, दार सहा इंच वर आलं तेही तिरकं, आणि थांबलं. मग वर बघितलं. दाराच्या डोक्यावर जो आडवा दांडा असतो त्याच्यावर दोन जाड स्प्रिंगा बसवलेल्या असतात. डावीकडची मधोमध तुटली होती, दोन तुकड्यांत दोनेक इंचांची फट.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दार मोटर उचलत नाही. दार स्प्रिंग उचलते. मोटर फक्त कुठल्या बाजूला जायचं ते सांगते आणि हलका धक्का देते. एवढी वर्षं मी त्या मोटरलाच सगळं श्रेय देत होते.

एका कंपनीला फोन लावला. त्यांचा माणूस तासाभरात आला, टॉर्च मारली, फोटो काढले आणि म्हणाला, दार थकलंय, रूळ गेलेत, मोटर जाणार, सगळंच बदला. ३,४०० डॉलर. आज सही केली तर थोडी सूट. दोन्ही गाड्या आत अडकलेल्या, बाहेर दुपारपर्यंत ४५ अंश होणार, लेकीला शाळेत सोडायला शेजारीण धावलेली. अशा वेळी माणूस सही करतो. मी पेन हातात घेतलं होतं. नवरा म्हणाला, “थांब, स्प्रिंगच तुटलीय ना? मग तो स्प्रिंगचा भाव का सांगत नाहीये?” त्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, नुसती स्प्रिंग आम्ही बदलत नाही. त्याला पाणी देऊन परत पाठवला.

ॲरिझोनात हजार डॉलरच्या वरच्या घरकामाला राज्याचा परवाना लागतो, आणि रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्सच्या संकेतस्थळावर तो परवाना कुणालाही तपासता येतो. हे आम्हाला शेजारणीनं सांगितलं. तिच्याच ओळखीचा एक साठीचा मिस्त्री दुपारी आला. हा माणूस मी कधी विसरणार नाही. त्यानं आधी उजवीकडची चांगली स्प्रिंगसुद्धा मोकळी केली. मी विचारलं, ती तर शाबूत आहे. तो म्हणाला, दोघी एकाच दिवशी बसवल्या, दोघींनी सारख्याच फेऱ्या मारल्या, एक गेली म्हणजे दुसरी तयारीत आहे. मग त्यानं आमचा बाथरूममधला वजनकाटा मागितला. दाराखाली मधोमध ठेवला, त्याच्यावर लाकडाचा ठोकळा, आणि दार त्याच्यावर टेकवलं. १८६ पौंड. म्हणजे जवळपास ८४ किलो.

तो आकडा बघून त्यानं दाराच्या आतल्या बाजूला हात फिरवला. “हे पांढरं कधी लावलं?”

आदल्या वर्षी, मे महिन्यात, गॅरेज थोडं थंड राहावं म्हणून आम्ही दाराच्या आतून थर्माकोलच्या पाट्या आणि वर चंदेरी कागद असं बसवलं होतं. बाजारात तयार संच मिळतात. काम एका दिवसात झालं आणि आत थोडा फरकही पडला. पण दाराचं वजन वाढलं होतं आणि स्प्रिंगांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर स्प्रिंगा जुन्याच हिशेबानं बांधलेल्या, वरचं वजन मोटर ओढत होती. तो म्हणाला, पाट्या लावल्यात ते चांगलंच केलं, पण लावल्यावर दार पुन्हा तोलून घ्यायला हवं होतं. या गावात दर उन्हाळ्यात कितीतरी लोक हेच करतात, असं तो म्हणाला. दाराला नवा रंग, नवी काच, नव्या पाट्या, काहीही चढवलं की वजन बदलतं.

उन्हानं स्प्रिंग तुटते का, हेही मी विचारलं. नाही म्हणाला. स्प्रिंग फेऱ्यांनी तुटते. साध्या स्प्रिंगचं आयुष्य दहा हजार फेऱ्या धरतात, एकदा उघडून बंद झालं की एक फेरी. आमचं दार दिवसाला पाच वेळा तरी हलतं, वर्षाला अठराशेच्या वर. म्हणजे साडेपाच वर्षं. ऊन काय करतं, तर वेटोळ्यांमधलं तेल सुकवतं. मग वेटोळं वेटोळ्याला घासतं, त्यात धूळ, आणि दहा हजारांच्या आधीच गाडी येऊन थांबते.

स्प्रिंग बांधताना त्यानं आम्हाला दाराबाहेर, बाजूला उभं केलं. खडूनं स्प्रिंगच्या अंगावर लांबीच्या दिशेनं एक सरळ पांढरी रेघ ओढली. मग हातभर लांबीच्या दोन पोलादी सळया घेऊन, एक भोकात, एक हातात, पाव-पाव फेरा देत गेला. एक काढायची, दुसरी घालायची. मनातल्या मनात मोजत होता, ओठ हलत होते. तीस पाव-फेरे झाले तेव्हा ती सरळ रेघ स्प्रिंगभोवती साडेसात वेढ्यांची वेलांटी झाली होती. “ही रेघ पुसू नका,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी वेढे मोजा. कमी दिसले तर स्प्रिंग दांड्यावर सरकतेय.” खडू अजून दिसतो. मी दर फेरीला मोजते.

हे काम घरी करू नका. मी हे अगदी पोटतिडकीनं सांगते, कारण मोबाइलवर बघून कितीतरी जण करायला जातात. त्या बांधलेल्या स्प्रिंगेत ८४ किलो उचलायची ताकद साठवलेली असते आणि सळई निसटली तर ती सगळी ताकद मनगटावर किंवा तोंडावर येते. दाराच्या अगदी खालच्या कोपऱ्यांत, दार वर ओढणाऱ्या दोन तारांची टोकं जिथं अडकवलेली असतात ते कंस (ब्रॅकेट) ही तसेच. आमच्या दारावर त्यांचे बोल्ट लाल रंगवलेले आहेत. त्यांना माझा पाना कधी लागत नाही.

जोडीचे ४४० डॉलर झाले, पंचवीस हजार फेऱ्यांच्या स्प्रिंगा घेतल्या म्हणून. साध्या घेतल्या असत्या तर शंभरेक वाचले असते.

*

जाताना त्यानं एक परीक्षा शिकवली. माझ्या दोन्ही फेऱ्या आता तिथूनच सुरू होतात.

दार पूर्ण बंद करायचं. मोटरची वायर काढायची. मग छतावरून लोंबणारी लाल मुठीची दोरी ओढायची, म्हणजे दार मोटरपासून सुटतं. दार वर असताना ही दोरी ओढायची नाही. स्प्रिंग तुटलेली असेल तर सगळं दार दाणकन खाली येतं. मग दोन्ही हातांनी दार कमरेपर्यंत उचलायचं आणि हात सोडायचे.

तोललेलं दार तिथंच थांबतं. ८४ किलोचं दार, कुणी धरलेलं नाही, हवेत कमरेशी उभं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा मला विश्वास बसेना, मी एका बोटानं ते दोन इंच वर नेलं, परत दोन इंच खाली. दार खाली घसरलं तर स्प्रिंग ढिली झालीय, आपोआप वर जायला लागलं तर जास्त ताणलीय. दोन्हीत मिस्त्रीला फोन. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि तिच्याएवढं दाराबद्दल दुसरं काही सांगत नाही. आधीची पाच वर्षं मी तेल घालत होते, धूळ झाडत होते, आणि हे एकदाही केलं नव्हतं. केलं असतं तर २०२२ च्या मेमध्येच पाट्या लावल्याच्या संध्याकाळी दार माझ्या हातातून खाली सरकलं असतं आणि सगळं कळलं असतं.

पाडव्याची बाकीची फेरी लवकर उरकते. सात-सोळांश इंचाचा सॉकेट पाना घेऊन बिजागऱ्यांचे बोल्ट हातानं, जोर न लावता आवळते. वर्षाला हजारो हादरे बसतात, दर वेळी तीन-चार तरी ढिले सापडतात. मोटरवरची धूळ कोरड्या ब्रशनं काढते, कारण उन्हाळ्यात आत आधीच पन्नास अंश असतात आणि तिच्या जाळ्या बुजल्या की ती तापून मधेच बंद पडते. वीज गेल्यावर चालावं म्हणून मोटरीत जी बॅटरी असते ती उष्णतेनं लवकर मरते, गाडीच्या बॅटरीसारखीच. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत इथला मॉन्सून, त्यात वादळानं वीज जाते, म्हणून वायर काढून दार एकदा बॅटरीवर चालवून बघते. रिमोट गाडीच्या काचेपाशी अडकवत नाही.

मग सुरक्षेच्या दोन परीक्षा. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक घरगुती मोटरीला दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, एकानं किरण पाठवायचा आणि समोरच्यानं तो ओळखायचा असे दोन इलेक्ट्रॉनिक डोळे किंवा तशीच दुसरी सोय असावी लागते. दाराखाली सापडून लहान मुलं दगावली होती, त्यानंतर हा कायदा आला. दार खाली येत असताना डोळ्यांसमोरून झाडू फिरवायचा, दार लगेच परत वर गेलं पाहिजे. दुसरी परीक्षा, दाराखाली दीड इंच जाडीचं लाकूड आडवं ठेवायचं. दार त्याला टेकलं की दोन सेकंदांत उलटलं पाहिजे. लेक लहान असताना मी हे दर महिन्याला करायचे.

डोळ्यांना इथल्या सूर्याचाही त्रास होतो. डिसेंबरात संध्याकाळी साडेचारनंतर आमचं दार बंदच व्हायचं नाही. बटण दाबलं की दिवा लुकलुकायचा आणि दार जागेवर. सहा वाजता बरोबर बंद व्हायचं. मला वाटलं वायर सैल आहे. दोन आठवडे मी वायरी तपासत होते. मग एकदा त्याच वेळेला खाली वाकून डोळ्याच्या उंचीवर डोकं नेलं. नैर्ऋत्येला उतरलेला सूर्य सरळ माझ्या डोळ्यात आला. रस्त्यावरून बघितलं तर डावीकडच्या डोळ्यावर तो उजेड पडत होता आणि तोच नेमका किरण ओळखणारा डोळा होता. उजेडात बिचाऱ्याला समोरच्याचा किरण दिसत नव्हता. आम्ही दोघांची अदलाबदल केली, पाठवणारा डावीकडे, ओळखणारा उजवीकडे. वायरींचे चार जोड आणि अर्धा तास. त्यानंतर तो त्रास झाला नाही.

*

खंडेनवमीची फेरी रबराची. दाराच्या तळाला जी रबराची पट्टी असते तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि ॲरिझोनात तिच्यासारखं महत्त्वाचं काही नाही, कारण विंचू. इथला साल-विंचू (बार्क स्कॉर्पियन) लहान, गवताच्या रंगाचा, आणि विषारी. त्याला आत यायला अगदी बारीकशी फट पुरते. रबर उन्हानं कडक होतं, आक्रसतं, आणि आधी दोन्ही कोपऱ्यांत फट पडते. बाहेर अंधार झाला की मी गॅरेजमधला दिवा लावते आणि बाहेर अंगणात जमिनीवर आडवी होऊन दाराखालून कुठं उजेड झिरपतो ते बघते. जिथं उजेड येतो तिथून विंचू येतो. हातात जांभळ्या उजेडाची टॉर्च असते. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, त्यामुळे बघायचं काम एकदमच होतं.

२०२४ च्या दसऱ्याला रबर बदलायलाच लागलं. जुनं ओढलं तर ते रबरासारखं निघालंच नाही, वाळलेल्या पापडासारखं कडकड मोडून हातात आलं. खाचेत राहिलेले तुकडे स्क्रूड्रायव्हरनं काढले. नवं रबर गुंडाळी करून आलेलं असतं, ते तासभर अंगणात उन्हात सरळ पसरून ठेवलं की मऊ पडतं. दाराच्या तळाला ॲल्युमिनियमच्या दोन समांतर खाचा असतात आणि रबराला वर दोन ओठ. भांड्यांच्या साबणाचं पाणी खाचांत फवारलं, नवरा एका टोकाला ओठ खाचेत धरून ढकलतोय, मी दुसऱ्या टोकाला ओढतेय. सोळा फूट. मध्येच अडलं की ओढायचं नाही, ताणलं तर नंतर ते पुन्हा आखडतं आणि कोपऱ्यांत फट पडते. माघारी जायचं, पुन्हा साबणाचं पाणी. दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच जास्त ठेवून कापलं. त्या हिवाळ्यात ते खरंच इंचभर आखडलं, आणि ठेवलेलं जास्तीचं कामी आलं.

मग दार धुतो. उन्हानं पत्र्याचा रंग खडूसारखा होतो, बोट फिरवलं की पांढरं लागतं. सौम्य साबणानं धुऊन, सुकवून, गाडीला लावतात ते मेण. लेक हे काम आवडीनं करते, तिला हात पोचेल तिथपर्यंत. वरच्या दोन फळ्या माझ्याकडे. शेवटी झेंडू. इथं झेंडू ऑक्टोबरात मिळतो, मेक्सिकन दुकानांत तर ढिगानं, कारण त्यांचा मृतांचा सण जवळ आलेला असतो. पाना, सॉकेट, ब्रश, सिलिकॉनची बाटली, टॉर्च हे सगळं पाटावर मांडून हळदकुंकू, आणि एक फूल दाराच्या कडीला. बाबांना व्हिडिओवर दाखवतो. ते दर वेळी विचारतात, “रुळात ग्रीस नाही ना भरलं?”

या खंडेनवमीला दार कमरेशी उचलून मी हात सोडले आणि ते थांबलं. लेकीनंही करून बघितलं, आता तिची उंची पुरते. खडूची वेलांटी साडेसात वेढे. पण खाली बसून मी डावीकडच्या तारेवर टॉर्च मारली तेव्हा कोपऱ्याच्या कंसापासून चार बोटं वर, पिळातला एक बारीक धागा सुटून बाहेर आलेला दिसला, केसासारखा. कापडाचा तुकडा हळूच तारेवरून फिरवला तर त्याला अडकला. एकच धागा. उजवीकडची तार गुळगुळीत होती. हात धुतले, मिस्त्रीला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला. शनिवारी सकाळी सहाला येतो म्हणाला, दोन्ही तारा घेऊन. तोवर दार हलवायचं नाही. दोन्ही गाड्या आधीच अंगणात काढल्या होत्या, त्यांच्यावर चादरी टाकल्या.